सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन : आशय आणि अंमलबजावणी

प्रस्तावना

‘राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५’ने पाठांतराऐवजी विद्यार्थ्याच्या ज्ञानरचनेला महत्त्व दिले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २९ने सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापनाला कायद्याचा आधार दिला. हा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने पहिली ते आठवीसाठी ही मूल्यमापन पद्धती स्वीकारली. तिच्या अनुभवातून नव्या अभ्यासक्रमाच्या अंमलबजावणीतील मूळ अडचण स्पष्ट होते.

संकल्पनेचे सामर्थ्य

या पद्धतीचे आकारिक व संकलित असे दोन भाग आहेत. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय इत्यादी साधनांनी मूल शिकत असतानाच त्याची प्रगती जाणून घ्यावी आणि त्यानुसार अध्यापनात बदल करावा, हा आकारिक मूल्यमापनाचा हेतू होय. पहिली-दुसरीसाठी त्याला ७० टक्के भारांश देण्यात आला, यावरून त्याचे महत्त्व लक्षात येते. परीक्षेच्या भीतीऐवजी मुलाच्या शिकण्याकडे लक्ष वेधणारा हा विचार निश्चितच स्वागतार्ह होता.

अंमलबजावणीतील विसंगती

प्रत्यक्षात मात्र निरीक्षणापेक्षा नोंदीलाच महत्त्व आले. चौथीच्या वर्गात ३० विद्यार्थी आणि कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण धरून सात विषय असतील, तर एका शिक्षकाला २१० स्वतंत्र नोंदी कराव्या लागतात. ज्या अधिनियमाने ही अपेक्षा निर्माण केली, त्याच्याच अनुसूचीने ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक पुरेसे मानले आहेत. अशा शाळेत प्रत्येक शिक्षक किमान दोन इयत्ता एकाच वेळी सांभाळतो. शिवाय कलम २७ने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक ही कामे शिक्षकांसाठी खुली ठेवली आहेत. परिणामी वर्णनात्मक नोंदींचे तयार नमुने प्रचलित झाले आणि अनेक मुलांच्या प्रगतिपत्रकांवर एकच वाक्य उमटू लागले. याचा दोष केवळ शिक्षकांच्या अनास्थेला देणे अन्यायकारक ठरेल. वेळ न देता निरीक्षणाची अपेक्षा केली, की कागदच पूर्ण होतो.

दुसरी विसंगती आकलनाची होती. कलम १६मधील ‘अनुत्तीर्ण न करणे’ आणि कलम २९मधील मूल्यमापन परस्परपूरक असताना ‘परीक्षाच नाही’ असा समज समाजात रूढ झाला. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेची मुभा दिली, तर २०२३मध्ये महाराष्ट्राने ती परीक्षा पुन्हा आणली. पद्धती राबविण्यास आवश्यक परिस्थिती निर्माण झाली होती काय, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

समारोप

२०२३च्या शालेय शिक्षणासाठीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही समग्र प्रगतिपत्रकावर भर आहे. नोंदींची संख्या कमी न करता आणि शिक्षकाला निरीक्षणासाठी तासिका न देता ते राबविल्यास पूर्वानुभवाचीच पुनरावृत्ती होईल. नोंदवह्यांच्या तपासणीतही ‘नोंद आहे काय’ यापेक्षा ‘या नोंदीमुळे अध्यापनात कोणता बदल झाला’ हा प्रश्न विचारला जावा. अध्यापक महाविद्यालयांनीही छात्राध्यापकांना रकाने भरण्याऐवजी बहुवर्ग अध्यापनात एका मुलाचे शिकणे कसे पाहावे, याचा सराव द्यावा. नवा अभ्यासक्रम मुलापर्यंत पोहोचविणारा दुवा शिक्षक आहे; त्याच्या वेळेचा हिशोब मांडल्याशिवाय केलेली कोणतीही सुधारणा कागदावरच राहते.