मुखडा आणि मधला तुकडा

जुन्या गाण्याचा अंश नव्या गाण्यात ऐकू आला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात: ‘चोरी’ किंवा ‘आठवणींना उजाळा’. दोन्हींमुळे विचार तिथेच थांबतो. जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा घेऊन नवी रचना करणे, म्हणजे सॅम्पलिंग, आणि जुन्या ओळखीच्या जोरावर नवे गाणे खपवणे, म्हणजे स्मरणरंजन, यांत मूलभूत फरक आहे. १९८१ सालच्या दोन हिंदी चित्रपटगीतांच्या पुढच्या प्रवासावरून तो मला येथे तपासायचा आहे.

पहिले गाणे ‘एक दूजे के लिए’मधले ‘तेरे मेरे बीच में’. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. ब्रिटनी स्पीअर्सच्या ‘टॉक्सिक’ (२००३) या गाण्याच्या स्वीडिश निर्मात्यांनी त्यातली चाल घेतली नाही, मुखडाही घेतला नाही. त्यांनी घेतले ते व्हायोलिनांचे तुकडे. मूळ गाण्यात गायनाच्या आजूबाजूला वावरणारे ते स्वर नव्या गाण्याची ओळखच होऊन बसले. ज्याने मूळ गाणे कधीच ऐकले नाही, त्यालाही ‘टॉक्सिक’ पुरेपूर भिडते.

हे मधले तुकडे आपण कधी लक्षपूर्वक ऐकले? मुंबईच्या चित्रपटसंगीतातला वाद्यमेळ उभा केला तो संगीतसंयोजकांनी आणि वादकांनी. त्यांत गोव्याहून आलेले कलावंत मोठ्या संख्येने होते. प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच एक. श्रेयनामावलीत यांतल्या बहुतेकांची नावे आली नाहीत. आपले स्मरणरंजन गायक, गीतकार आणि नट यांच्यापाशी घुटमळते. व्हायोलिनच्या त्या ओळीकडे लक्ष गेले ते परक्या कानांचे.

दुसरे गाणे ‘ज्योती’मधले ‘थोडा रेशम लगता है’. संगीत बप्पी लाहिरी, स्वर लता मंगेशकर. २००२ मध्ये डीजे क्विक या अमेरिकी निर्मात्याने ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये लताबाईंचा आवाजच वापरला. शब्द न कळणाऱ्या श्रोत्यासाठी तो आवाज वाद्य झाला. त्याच सुमारास आपल्याकडे याच गाण्याचे ‘कलियों का चमन’ हे रीमिक्स गाजले. त्यात मुखडा तोच, चाल तीच. भर पडली ती ठेक्याची आणि चित्रफितीची. एकाच गाण्यातून एकीकडे नवी रचना निघाली, दुसरीकडे जुन्याच रचनेला नवा पोशाख मिळाला.

परंतु कल्पकता म्हणजे सचोटी नव्हे. ‘अ‍ॅडिक्टिव्ह’वर बप्पी लाहिरींचे नाव नव्हते. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले आणि श्रेय दिल्याशिवाय विक्री करण्यास मनाई झाली. बप्पीदांची बाजू मला निःसंशय योग्य वाटते. मात्र त्यांच्याच ‘तम्मा तम्मा’मागे गिनीच्या मोरी कांते यांचे ‘तामा’ उभे आहे, हेही नोंदवले पाहिजे.

स्मरणरंजनाच्या वाढीमागे कायद्याचाही हात आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी, ठरावीक मानधन भरून कुणालाही त्या गाण्याची नवी आवृत्ती काढता येत असे. २०१२च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांवर नेली आणि गाण्यात अनावश्यक बदल करण्यास मज्जाव केला. बाहेरच्यांचा रस्ता अरुंद झाला. हक्क ज्यांच्या तिजोरीत होते त्या कंपन्यांचा मात्र मोकळाच राहिला. त्यानंतरची पुनर्निर्मिती प्रामुख्याने मालकांचीच आहे, आणि मालक स्वाभाविकपणे आधीच खपलेला मुखडा निवडतो.

यातला काळाचा हिशेब बोलका आहे. ‘काँटा लगा’ १९७२चे, त्याचे रीमिक्स २००२चे: अंतर तीस वर्षे. ‘आँख मारे’ १९९६चे, पुन्हा आले २०१८मध्ये: बावीस वर्षे. ‘मसकली’ २००९चे, त्याची नवी आवृत्ती २०२०ची: अवघी अकरा. ए. आर. रहमान यांनी त्या वेळी श्रोत्यांना मूळ गाणेच ऐकण्याचे आवाहन केले. आठवण मुरायच्या आतच ती विकायला काढली जात आहे. ज्या गाण्याचा विसरच पडलेला नाही, त्याची आठवण कसली?

म्हणून अशा गाण्यांसाठी मी तीन प्रश्न सुचवतो. मूळ गाणे माहीत नसलेल्या श्रोत्यापुढे नवे गाणे टिकते का? त्याने मुखडा घेतला, की आपल्या नजरेतून सुटलेले काही शोधून काढले? आणि ज्याचे घेतले त्याचे नाव आणि पैसे त्याला मिळाले का? पहिले दोन प्रश्न कलेचे, तिसरा न्यायाचा. ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ कलेत उत्तीर्ण होते आणि न्यायात नापास. मालकाने स्वतःच काढलेल्या कित्येक नव्या आवृत्त्यांचे नेमके उलट होते. आपली समीक्षा या दोन गोष्टी एकाच तागडीत टाकत आली आहे. त्यामुळे चांगल्या सॅम्पलकाराला आपण चोर म्हणतो, आणि कायदेशीर परवाना हाती असलेल्या कंटाळवाण्या गाण्याला ‘मानवंदना’.