मागीलदारची गोष्ट

रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये एक गृहस्थ मला अनेकदा दिसले. पन्नाशीचे, नीटनेटके, मांडीवर रेक्झिनची पिशवी. ते नेहमी इंजिनाच्या बाजूला बसत. तिथं सहसा कुणी बसत नाही, कारण त्या धडधडीत शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नाही. लाँच सुटली की ते फोन कानाला लावून हळू आवाजात बोलू लागत. मध्येच कुठेतरी रेंज जाई आणि सगळेच आपापले फोन खिशात टाकत. हे मात्र फोन तसाच कानाशी धरून बसत. एक शब्दही न बोलता, दहा-पंधरा मिनिटं. मुंबईचा किनारा स्पष्ट दिसायला लागला की फोन पिशवीत जाई आणि ते रुमालाने चेहरा पुसत.

पलीकडे कोण होतं हे मला कळलं नाही, आणि कळावं असंही कधी वाटलं नाही. त्या पंधरा मिनिटांची कथा मात्र मी गेली काही वर्षं दर दिवाळीला गावातल्या वाचनालयात अंकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन शोधतो आहे. ध्यास, चोरटं प्रेम, मनातली घालमेल यांवर मराठीत आज कथा कमी लिहिल्या जात नाहीत. दिवाळी अंकांत त्या असतात, ऑडिओवर असतात, कथास्पर्धांच्या निकालांत तर हमखास असतात. पण बहुतेकींची चाल एकच असते. पहिल्या पानावर विचित्र वागणं, मध्यावर लहानपणची जखम, शेवटी समुपदेशकाची खोली नाहीतर खून. पात्राच्या आधी त्याच्या दुखण्याचं नाव येतं. ट्रॉमा, पझेसिव्ह, टॉक्सिक हे शब्द आले की लेखकाला हायसं वाटतं, आणि वाचणाऱ्याचं कुतूहल तिथंच विझतं. गुपितावरची कथा स्वतः काहीच गुपित ठेवत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

हे आपल्याकडे पूर्वीपासून असं नव्हतं. दिवाकर कृष्णांचा ‘समाधी व इतर सहा गोष्टी’ हा संग्रह १९२७चा. घटनाप्रधान करमणूक जोरात चालू होती त्या काळात हैदराबादला वकिली करणारा हा लेखक हळव्या, एकट्या माणसांच्या मनाशी थांबला. त्याची भाषा आज जड वाटते, पण कथा बाहेर काय घडलं यापेक्षा आत काय झालं यावर उभी राहू शकते, हे त्याने दाखवून दिलं.

त्यानंतर १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि खळबळ उडाली. शिकलेल्या, नोकरी करून घर चालवणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींना शरीर आहे, इच्छा आहे, आणि ती इच्छा त्यांना कुणाजवळ बोलता येत नाही, हे तोवर असं सरळ कुणी लिहिलं नव्हतं. लेखिकेचं नाव छापलं होतं विभावरी शिरूरकर. ही बाई कोण, याचा लोकांनी शोध चालवला. त्या नावामागे होत्या मालतीबाई बेडेकर. कथेतली मुलगी जे घरच्यांपासून लपवते तेच लिहिणारीला समाजापासून लपवावं लागलं. आज वाचताना त्यातला वाद जुना झालेला दिसतो. जुनं झालेलं नाही ते त्या मुलींचं जपून बोलणं. वडिलांच्या हातात पगार ठेवणारी मुलगी मनातली गोष्ट वाक्याच्या अर्ध्यावर कशी गिळते, हे विभावरींना नेमकं ऐकू येत होतं.

पुढचा इतिहास वाचकांच्या परिचयाचा आहे. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’मधून १९४२ साली संज्ञाप्रवाह आणला. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांच्या नवकथेने मनातल्या विसंगतींना कथेत हक्काची जागा दिली. मग जी. ए. कुलकर्णी. ‘निळासावळा’पासून ‘पिंगळावेळ’पर्यंत जी.एं.ची माणसं एखाद्या गोष्टीने झपाटलेली असतात, आणि ते झपाटलेपण त्यांना संपवून टाकतं. तरी मला जी.ए. सर्वांत मोठे वाटतात ते नियतीच्या भव्य कथांत नव्हे. धारवाड-बेळगावकडच्या जुन्या घरांत, चार भांडी आणि एक ट्रंक एवढ्या संसारात, कुणाची तरी मावशी नाहीतर आत्या आयुष्यभर एक नाव मनात ठेवून जगते, तिथं. ते नाव जी.ए. तिच्या तोंडी देत नाहीत. कमल देसाईंचा ‘रंग’ (१९६२) आज फार कमी जणांनी वाचलेला असतो, याचं मला मनापासून दुःख आहे. एकट्या बाईच्या डोक्यातला गोंधळ त्यांनी नीटनेटका करून दिला नाही. म्हणूनच तो खरा वाटतो.

बाहेरची दोन उदाहरणं इथं आठवतात. रवींद्रनाथांच्या १९०१च्या ‘नष्टनीड’मध्ये चारू आपल्या दिराच्या प्रेमात आहे, हे सांगितलं जात नाही. तो विलायतेला गेल्यावर ती गुपचूप दागिने गहाण टाकते आणि त्याला तार करते, उत्तराचे पैसे आगाऊ भरून. ते उत्तर नवऱ्याच्या हाती पडतं. मजकूर अगदी साधा, पण संसार उघडा पडायला तेवढं पुरतं. स्टेफान त्स्वाइगच्या १९२२च्या ‘अनोळखी स्त्रीचे पत्र’ या कथेत उलट आहे. तिथं बाई सगळं सांगून टाकते, पण ज्याला सांगते त्याला ती आठवतच नाही. एकीत शब्द नाहीत, दुसरीत शब्दांचा पूर आहे, आणि दोन्हींत लपलेलं ते लपलेलंच राहतं. तेव्हा प्रश्न कमी लिहिण्याचा की जास्त लिहिण्याचा, असा नाही.

आता आमच्या किनाऱ्याकडे येतो. कोकणच्या मनाची कथा म्हटली की वाचक दक्षिणेकडे बघतो. दापोलीकडचा मुलूख श्री. ना. पेंडशांनी लिहिला. सिंधुदुर्गातली वासना, भय आणि देवचार चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘रात्र काळी, घागर काळी’, ‘अजगर’, ‘कोंडुरा’मध्ये असे काही लिहिले की पुढच्या दोन पिढ्या त्यांच्या सावलीतून बाहेर आल्या नाहीत. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतचा आमचा पट्टा मात्र मुंबईच्या एवढा जवळ असून साहित्यात कोरडाच राहिला. त्याला कारण ही जवळीकच असावी. सिंधुदुर्गातला चाकरमानी मुंबईत बसून गावासाठी झुरला आणि त्या झुरण्यातून लिहू लागला. आमचा माणूस शनिवारी घरी येतो. झुरायला त्याला अंतर मिळालं नाही.

अलीकडे या किनाऱ्यावरच्या एका मनाचं जे चांगलं चित्र आलं, तेही इंग्रजीत. एस्थर डेव्हिड या अहमदाबादच्या लेखिकेची ‘बुक ऑफ रेचल’ ही कादंबरी २००६ची. तिला २०१० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुलं इस्रायलला गेलेली, आणि किनाऱ्यावरच्या गावात रेचल ही म्हातारी बंद पडलेल्या सिनेगॉगची एकटी राखण करते. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक पाककृती आहे. देवळावरचा तिचा जीव लेखिका स्वयंपाकघरातून दाखवते. इथल्या बेने इस्रायली घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली गेली, तरी ही बाई मुळात मराठीत लिहिली गेली नाही.

एक मोठा लेखक मात्र या किनाऱ्याने दिला, आणि तो इथला आहे हे इथल्यांनाच माहीत नसतं. दि. बा. मोकाशी. जन्म १९१५, उरण. पोटासाठी ते पुण्यात रेडिओ दुरुस्त करत. कथाकार मोकाशी नवकथेच्या मोठ्या नावांच्या शेजारी जरा अंग चोरून उभे राहिले आणि समीक्षेनेही त्यांना तिथंच ठेवलं. ‘आता आमोद सुनासि आले’ ही त्यांची कथा मी सर्वांत जास्त वेळा वाचली आहे. सुमित्रा भावे यांनी तिच्यावरून केलेला ‘दिठी’ हा चित्रपट २०२१ साली आला, तेव्हा कुठे हे नाव पुन्हा ऐकू आलं. एका वारकऱ्याचा तरुण मुलगा गेला आहे. आयुष्यभराची वारी, पाठ असलेल्या ओव्या, सोबतची भजनी मंडळी, कशानेच त्याच्या आतला कल्लोळ शांत होत नाही. मग कुणाची तरी गाय अडते आणि त्याला बोलावणं येतं, कारण हे काम त्याच्याइतकं कुणाला जमत नाही. तो जातो. हात आपसूक कामाला लागतात. त्या माणसाच्या मनात काय पालटलं ते मोकाशी समजावून देत नाहीत. आपण त्याचे हात बघत राहतो आणि आपल्याला कळतं. दुःखाचं विश्लेषण करणारी चार पानं इथं सहज लिहिता आली असती. ती लिहिली नाहीत, हीच मोकाशींची थोरवी.

त्यांची ‘आनंदओवरी’ (१९७४) कादंबरी असली तरी मी तिला या कथांच्या रांगेतच बसवतो. तुकाराम नाहीसे झाले आहेत आणि धाकटा भाऊ कान्होबा बोलतो आहे. एका माणसाला देवाचा ध्यास लागतो तेव्हा त्याच्या घराचं काय होतं, हे त्याच्या बोलण्यातून कळत जातं. थोरल्यावरचं प्रेम, संताप, आपण मागे राहिल्याची सल, सगळं एकाच श्वासात येतं. ध्यासावर लिहू पाहणाऱ्या तरुणांना मी हे पुस्तक आधी हातात देईन.

मोकाशींची वाट पुढे चालली नाही. चालल्या त्या दुसऱ्या दोन. एक भयाची. रत्नाकर मतकरींनी ‘खेकडा’सारख्या कथांतून गूढकथेला मान मिळवून दिला, त्यांच्याकडे भूत बाहेर कमी आणि मनात जास्त असे. हृषीकेश गुप्ते ‘घनगर्द’, ‘दंशकाल’मध्ये भयाबरोबर गाव, वाडा, कुटुंबातली जुनी पापं आणतात. त्यांचा दम मोठा आहे. पण या वाटेवरून येणारे बाकीचे मतकरींकडून फक्त शेवटचा धक्का शिकले. धक्का कळला की कथा दुसऱ्यांदा वाचवत नाही.

दुसरी वाट मोकळ्या बोलण्याची. गौरी देशपांडे यांनी ‘एकेक पान गळावया’मध्ये बाईला तिच्या प्रेमाबद्दल, कंटाळ्याबद्दल लाज न बाळगता बोलू दिलं, आणि मेघना पेठे यांनी ‘आंधळ्याच्या गायी’मध्ये ते बोलणं आणखी बोचरं, आणखी धीट केलं. हे व्हायलाच हवं होतं. फक्त, त्यांच्या धीटपणामागे स्वतःच्या आत खणत जाण्याचे कष्ट होते. नंतरच्या अनेकांनी बोलणं घेतलं आणि खणणं सोडलं.

‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडलं. तिथं राम पटवर्धनांसारखा संपादक हस्तलिखित परत पाठवून पुन्हा लिहायला लावत असे. आज दिवाळी अंकाला कथा जाते आणि एक तर छापली जाते, नाहीतर नाही. ती पुन्हा लिहावी म्हणून आग्रह धरायला कुणाला वेळ नसतो. मनाची कथा तर दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यातच सापडते, कारण पहिल्या खर्ड्यात लेखक स्वतःलाच समजावून सांगत असतो.

अशा कथेसाठी माल कमी आहे, असं कुणी म्हणू नये. आमच्याकडची घरं बघा. समोर ओटी, मग माजघर, मग मागीलदार, विहीर आणि पोफळीची वाडी. ओटीवर सगळं गाव येतं. मागीलदारी राखेचा ढीग, भांडी घासायचा दगड आणि दोन वाड्यांमधला गडगा. वाडीला पाणी सोडताना गडग्यापलीकडच्या माणसाशी तीस वर्षं रोज चार वाक्यं बोललेली बाई मी पाहिली आहे. चारच वाक्यं, सगळी पाण्याबद्दल. तो वारला त्या दिवसापासून तिने शिपणं सुनेवर सोपवलं. यापलीकडे मला काही माहीत नाही, आणि कथेला यापलीकडचं लागतही नाही.

मोकाशींच्या उरणात तर गेल्या चाळीस वर्षांत माणसांची मनं मुळासकट हलली. जमिनी संपादित झाल्या. १९८४च्या जानेवारीत जासई-दास्तानच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, आणि २०२४मध्ये अटल सेतू याच तालुक्यात येऊन उतरला. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर चार मजली घरं आली. त्या घरांत असे बाप्ये आहेत जे अजून पहाटे चारला उठतात, मिठागर नाही, भातखाचर नाही, तरी उठतात, आणि अंधारात जिन्यावर बसून राहतात. बायकोला वाटतं, साखर वाढली. हरवलेल्या जमिनीवर असा जीव जडणं हेही चोरटं प्रेमच आहे. पैसे घेतल्यावर ते बोलून दाखवायची सोय राहत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. आठवडाभराने मी आमच्याच पट्ट्यातल्या, दक्षिणेकडच्या एका गावात ओळखीच्यांच्या वाडीत गेलो. पोफळी एकीवर एक आडव्या पडलेल्या, वरून आभाळ एकदम उघडं. घरातले आजोबा खुंट मोजत फिरत होते. दोनशे बारा, ते म्हणाले. पंचनाम्याला आकडा लागणारच होता, म्हणून मी लिहून घेतला. संध्याकाळी त्यांनी पुन्हा मोजले. चार महिन्यांनी, नवरात्रात गेलो तेव्हा वाडी साफ झाली होती, खुंटही काढले होते. आजोबा हातात काठी घेऊन ओळीने चालत होते, थांबत होते, ओठ हलत होते. सून मागच्या पायरीवर केळफूल सोलत बसली होती. तिने वर न बघता हळूच सांगितलं, ‘‘हाक मारू नका आता, आकडा चुकतो त्यांचा.’’