दोन डोंगर, मध्ये सूर्य

चित्रकलेच्या तासाला ‘निसर्गचित्र काढा’ म्हटले की वहीत काय उमटते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. दोन त्रिकोणी डोंगर, मधल्या खाचेत सूर्य, तिथून निघालेली नदी, काठावर घर आणि एक नारळ. वेंगुर्ल्यातही हेच चित्र निघते. आमचा त्यावर आक्षेप आहे, आणि तो रेखाटनापेक्षा भूगोलाविषयी जास्त आहे.

वेंगुर्ल्याच्या परिसरातल्या कितीतरी टेकड्यांचा माथा त्रिकोणी नाही. वर जांभ्याचा कठीण थर असल्याने तो सपाट राहिला आहे. उतार काय तो कडेला. याला इथे सडा म्हणतात. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातले काही पाणी सच्छिद्र जांभ्यातून मुरते, खालच्या चिकण थरावर अडते आणि पायथ्याशी झऱ्यांवाटे बाहेर येते. माडा-पोफळीच्या बागा, विहिरी, घरे पायथ्यालाच का, याचे बरेचसे उत्तर त्या एका आडव्या रेषेत आहे. सडा सपाट काढणाऱ्या मुलाला ‘डोंगर नीट काढ’ असे सांगून गुण कापले, की हे उत्तरच खोडले जाते. ज्याने सडा कधी काढला नाही, त्याला तो पुढे नुसती पडीक जमीन वाटेल. वर चिरेखाण निघाली आणि खालची विहीर आटली, तर दोहोंचा संबंध त्याला सुचावा कसा?

ठरावीक आकार मुळातच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. जवळच्या पिंगुळीच्या चित्रकथीतही ते आहेत. पण तिथे चित्रासोबत कथा सांगणारा असतो. वहीतल्या डोंगराबद्दल कोणी काहीच सांगत नाही. महाराष्ट्राच्या नकाशावर धान्य चिकटवण्याच्या ‘उपक्रमा’चेही तेच. सिंधुदुर्गावर तांदूळ, सोलापूरवर ज्वारी, आणि डिंक वाळला की धडा संपला!

सूर्याची गोष्ट अधिक गमतीची. डोंगर म्हणजे सह्याद्री धरला, तर तो पूर्वेला. म्हणजे चित्रातली वेळ सकाळची. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर मात्र मुले पाहतात तो समुद्रात बुडणारा सूर्य, आणि तो रोज एका जागी बुडत नाही. इथला अक्षांश सुमारे १६ अंश उत्तर. डिसेंबरअखेर सूर्य ठीक पश्चिमेच्या सुमारे २४ अंश डावीकडे मावळतो, २१ मार्चच्या सुमारास ठीक पश्चिमेला, मेच्या मध्यावर सुमारे २० अंश उजवीकडे. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते. म्हणजे डिसेंबर ते मे हा प्रवास जवळजवळ साडेचार मुठींचा.

एकाच जागी उभे राहून, जेटीचे टोक किंवा एखादा खडक खूण धरून, मुलांनी हा सूर्यास्त तीन वेळा काढावा. खूण मात्र दर वेळी कागदावर त्याच ठिकाणी हवी. मेमधला सूर्य बहुधा कागदाच्या उजव्या कडेबाहेर जाईल. मुले दुसरा कागद जोडायला मागतील, जोडू द्यावा.