मुंबईचा स्पायडर-मॅन, पण बोली कुणाची?

मार्व्हलच्या 'स्पायडर-मॅन: इंडिया' या पाच अंकी मालिकेचा पहिला अंक जून २०२३ मध्ये आला. लेखक निकेश शुक्ला, चित्रकार अभिषेक मालसुनी. मालिकेचा नायक पवित्र प्रभाकर हवेत झेपावतो ती चित्रं मला मनापासून आवडली. तरीही अंक मिटताना चुटपुट राहिली. हा पोरगा मुंबईत राहतो, पण त्याच्या इंग्रजी फुग्यांत मुंबईचं बोलणं ऐकू येत नाही.

पवित्र पहिल्यांदा भेटला तो २००४ च्या मालिकेत. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी त्याला धोतर नेसवलं, प्रयोगशाळेतल्या कोळ्याऐवजी योगी आणला, खलनायकाला राक्षस केलं. भारत म्हणजे योगी आणि ताईत, ही समजूत तेव्हाही खटकली होती. पण त्याच मालिकेतला एक प्रसंग मी कधीच विसरणार नाही. काही गुंड एका बाईला घेरतात. पवित्र ते पाहतो आणि पुढे निघून जातो. त्याचे भीमकाका मात्र थांबतात, मध्ये पडतात आणि जिवाला मुकतात. मूळ कथेत पीटर पार्कर एका चोराला निसटू देतो. इथे गुन्हा आहे तो बघून न बघितल्यासारखं करण्याचा, आणि गर्दीच्या शहरात तो आपण सगळेच करतो. धोतरापेक्षा कितीतरी खोलवरचं भारतीयपण या बदलात आहे. पुढच्या लेखकांनी हा धागा पकडायला हवा होता.

जून २०२३ मध्येच पवित्र ज्यात आहे तो 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा चित्रपट मराठीतही डब होऊन आला. त्यातल्या पवित्रच्या मुंबाटन शहराची रंगसंगती इंद्रजाल कॉमिक्सवरून सुचलेली. मार्च १९६४ मध्ये टाइम्स समूहाने सुरू केलेल्या या मालिकेने मराठी मुलांच्या हाती वेताळ दिला, मँड्रेक दिला. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. त्याच्या छपाईचे रंग हॉलिवूडला मोलाचे वाटले याचा मला अभिमान आहे. मात्र वेताळानंतर मराठी मुलांना मराठीत बोलणारा नवा सुपरहीरो द्यावा, असं इथल्या कुठल्याच मोठ्या प्रकाशकाला वाटलं नाही, याचा रागही येतो.

चित्रकारांचा तुटवडा कधीच नव्हता. राज कॉमिक्सच्या नागराजला सुरुवातीचं रूप दिलं ते पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. 'अमर चित्र कथे'ची कितीतरी पानं मुळीक आणि दिलीप कदम यांच्या हातची. रेषा मराठी हातांची, नागराजचे संवाद मात्र हिंदी.

आणि उंच इमारती नसल्या की सुपरहीरोला काम नाही, हेही मला पटत नाही. नाशिकला गोदावरी चढू लागली की आम्ही एकमेकांना विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, की गळ्याला? ऑगस्ट २०१९ मध्ये तर नदीपात्रातली ही मूर्ती पाण्याखाली गेली होती. या एका मूर्तीवर चित्रकार चौकटीगणिक धोका वाढवत नेऊ शकतो. राक्षस नकोच. गंगापूर धरणातून सुटलेलं पाणी, सराफ बाजारात शिरणारा लोंढा आणि रामकुंडाजवळ अडकलेली माणसं एवढ्यावर अख्खा अंक उभा राहील. होळकर पुलावर नायक, आणि पहिल्याच फुग्यात खालून आलेली हाक: "ओ दादा, दोर टाका की लवकर!"