उठून गेलेला वाचक

(सरावली येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मी दुपारीच पोचलो होतो. ज्यांच्या घरी उतरलोय त्यांच्या पुस्तकांच्या कपाटासमोर जाऊन बसलो. ही माझी जुनी खोड आहे. दुसऱ्याच्या कपाटातलं पुस्तक मी आधी उघडत नाही, त्याची कड बघतो. पानं उलटून उलटून कड मळते. जिथवर वाचलं गेलं तिथवर ती काळपट होते आणि पुढं पांढरी राहते. बंद पुस्तक हातात घेतलं तरी वाचणारा कुठं थांबला ते साधारण कळतं. त्या कपाटातल्या एका पुस्तकाची कड एक तृतीयांश काळी होती आणि पुढं एकदम कोरी. कुठलं पुस्तक ते शेवटी सांगतो. घरमालक समोरच बसलेत, त्यांची परवानगी मी जेवताना घेतली आहे.

आजचा विषय त्या कडेचाच आहे. कथानकात मनाला फार लागेल असं वळण आलं, तर वाचक पुस्तक सोडून देतो का?

पटकन सुचणारं उत्तर आहे, 'नाही.' आणि त्याला पुरावाही भरपूर आहे. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली. माधवराव थेऊरला जाणार, रमाबाई सती जाणार, हे पहिलं पान उघडण्याआधी कुणाला माहीत नव्हतं? 'मृत्युंजय' वाचताना कर्ण वाचेल अशी आशा कुणी धरली होती? विश्वास पाटलांच्या 'पानिपत'चा शेवट तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. ही पुस्तकं लोकांनी झोप मोडून वाचली. 'श्यामची आई' घ्या. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ती लिहिली. आई गेलेली आहे हे आपल्याला सुरुवातीपासून माहीत असतं, श्याम आठवणीच सांगत असतो. तरी घराघरांतून ती रडत रडत पुरी केली गेली. माझ्या मामी तर दर श्रावणात वाचायच्या. रडायचं ठरवूनच बसायच्या म्हणा ना.

पण या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. दुःख इथं दबा धरून बसलेलं नाही. ते दारातच उभं आहे, तुम्ही त्याला बघून आत शिरता. शिवाय गुरुजींनी गोष्ट रात्रींमध्ये वाटली आहे. एक रात्र संपली की ऐकणारे उठतात, घरी जातात. वाचकालाही श्वास घ्यायला जागा मिळते. तेव्हा ही उदाहरणं 'धक्क्याची' आहेत का, हाच प्रश्न आहे.

आता थोडं शास्त्र, कारण आयुष्यभर त्याच्यावरच पोट भरलंय. करुण रसाचा आनंद कसा होतो, हा आपल्याकडचा फार जुना वाद. चौदाव्या शतकातला विश्वनाथ 'साहित्यदर्पणा'त सरळ हिशेब मांडतो, की करुणात दुःखच असतं तर तिकडं कुणी वळलंच नसतं. लोक वळतात, अर्थी तिथं सुख आहे. त्याच्या आधीचे रामचंद्र-गुणचंद्र हे जैन आचार्य जास्त सावध होते. रस सुखाचा असतो तसा दुःखाचाही असतो, असं त्यांनी 'नाट्यदर्पणा'त म्हणून ठेवलं. पण जिंकला विश्वनाथचाच पक्ष. मराठीत न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून बोलताना सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, समाधी लागते. पण 'मी मीच आहे' हे भानही सुटत नाही, हा विकल्प. या दुहेरी अवस्थेत आनंद आहे. मी तीस वर्षं हे वर्गात शिकवलं. फार सुबक सिद्धांत आहे. पोरांच्या वहीत तीन ओळींत मावतो.

निवृत्त झाल्यावर एक गोष्ट खटकायला लागली. विश्वनाथ नाट्यगृहात बसलेल्यांची मोजदाद करतोय. जो मध्येच उठून गेला, त्याला त्यानं विचारलंच नाही. केळकरांचा वाचक समाधी पुरी करणारा. ॲरिस्टॉटलचा प्रेक्षक शेवटपर्यंत बसतो म्हणून त्याच्या मनाचा निचरा होतो. ह्यूमनं १७५७ साली शोकांतिकेच्या सुखावर निबंध लिहिला, त्यातही तेच. सगळे सिद्धांत राहिलेल्यांचे. उठून गेलेल्याचं काय झालं?

उठून गेलेला एक वाचक मोठा नामांकित आहे. डॉक्टर जॉन्सन, इंग्रजी कोशकार. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये धाकटी मुलगी कॉर्डेलिया शेवटी मरते. तिचा काही अपराध नसतो. जॉन्सननं तरुणपणी ते वाचलं आणि त्याला एवढा धक्का बसला, की पुढं संपादक म्हणून ते नाटक तपासायची वेळ येईपर्यंत शेवटचे प्रवेश त्याला पुन्हा वाचवले नाहीत. त्याची आवृत्ती निघाली १७६५ साली, आणि हे त्यानं टीपेत स्वतः कबूल केलं. त्या काळी रंगभूमीवर तर मूळ शेवट चालतच नव्हता. नेहम टेट नावाच्या माणसानं १६८१ साली कॉर्डेलियाला जिवंत ठेवून तिचं लग्न लावून दिलं होतं, आणि पुढं दीडेकशे वर्षं लोक तेच बघत होते. म्हणजे मंडळी, विश्वनाथाच्या हिशेबात न बसणारी माणसं थोडीथोडकी नाहीत.

पण जॉन्सननं नाटक टाकून दिलं असं तुम्ही म्हणाल का? मी नाही म्हणणार.

याच्या शेजारी दुसरी हकीकत ठेवा. १८९३ च्या डिसेंबरात कॉनन डॉइलनं शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं. लोक चिडले, मासिकाची वर्गणी बंद केली. यांनी गोष्ट सोडली नव्हती हं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती. त्यांनी लेखकाला सोडलं. होम्स परत आल्यावर तेही परत आले. तेव्हा सोडण्याच्या दोन जाती झाल्या. एका वाचकाला लागलेलं असतं, दुसऱ्याला फसवल्यासारखं वाटलेलं असतं. बाहेरून दोघं सारखेच दिसतात, पुस्तक मिटलेलं. दोघांना एकाच माळेत ओवलं की मग 'वाचकांना दुःख नको असतं' असलं विधान तयार होतं आणि प्रकाशक ते खरं मानतात.

फसवणूक कशी होते? विधवेच्या प्रश्नावरच्या जुन्या कादंबऱ्या मी पुष्कळ वाचल्यात. नावं घेत नाही, लेखक सज्जन होते. नायिका विधवा, नायक सुधारक, आता लग्न करायची वेळ येते आणि नेमका तिला ताप भरतो. ती जाते. लेखक सुटतो, नायक सुटतो, समाजही सुटतो. डोळ्यांत पाणी येतं आणि त्याच वेळी रागही येतो. हा मृत्यू तापानं झालेला नाही, लेखकाच्या अडचणीनं झालाय. हे वाचकाला, अगदी न शिकलेल्या वाचकालाही, बरोबर समजतं. टीव्ही मालिकेत माणूस अपघातात गेला की घरातली आजी म्हणते, 'त्याला पगार वाढवून पाहिजे असणार.' याला मी समीक्षा म्हणतो!

हरिभाऊ आपट्यांचं बघा. 'पण लक्षांत कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. पत्राचं नाव करमणूक, आणि आत यमूचा नवरा मरतो, तिचं केशवपन बळजबरीनं होतं. आजही तो भाग मी सलग वाचू शकत नाही. पण तिथं हरिभाऊंवर राग येत नाही, त्या घरावर येतो. कारण त्या क्षणाची तयारी शेकडो पानं चाललेली असते. कोण काय बोलतं, कोण गप्प बसतं, सोवळ्याओवळ्याच्या नावाखाली काय खपतं, हे सगळं यमूनं आपल्याला बारीकसारीक सांगितलेलं असतं. वस्तरा अचानक येत नाही. तो त्या घरात पहिल्यापासूनच होता.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'बद्दल एकदा एका विद्यार्थिनीनं मला अडवलं होतं. 'सर, हॅर्टाला लेखकानं मारलं. तिला जगवता आलं असतं.' १९३९ सालची कादंबरी. जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी, बोटीवर भेटलेला मराठी तरुण, आणि मुंबई आल्यावर तो उतरतो, तिला उतरता येत नाही. पुढं ती समुद्रात जीव देते. मी त्या मुलीला म्हटलं, तू सांग, कुठल्या बंदरावर उतरवली असतीस तिला? ती गप्प झाली. मग म्हणाली, 'तरी मी पुन्हा वाचणार नाही.' बरोबर आहे. दोन्ही बरोबर आहेत. शेवट पटणं निराळं आणि सोसणं निराळं, हे मला त्या वीस वर्षांच्या मुलीनं दाखवलं.

आता स्वतःचं सांगतो, नाहीतर हे सगळं पुस्तकीच व्हायचं. मी नऊ वर्षांचा असताना माझी धाकटी बहीण देवीच्या साथीत गेली. कॉलेजात आल्यावर, १९६८ साली, वसतिगृहात 'कोसला' हातोहात फिरत होती. नेमाड्यांची ती भाषा, ते उदाहरणार्थ वगैरे, आम्ही सगळे तसंच बोलायचो. मी हसत हसत वाचत होतो. आणि मनीला देवी येतात. मी पुस्तक मिटलं, मित्राला परत दिलं आणि 'वाचलं, छान आहे' असं खोटं सांगितलं. पुढं पंधरा वर्षं मी खोटंच सांगत आलो. शेवटी अस्तित्ववादावरच्या एका चर्चासत्रात 'कोसला'वर बोलायचं माझ्यावर आलं, तेव्हा जॉन्सनसारखं धंद्यापायी ते पुन्हा उघडावं लागलं. त्या भागातलं एक वाक्य मला पंधरा वर्षं पाठ होतं. शोधलं, तर ते पुस्तकात नव्हतंच. ते माझ्या आईचं होतं.

त्या दिवशी केळकरांचा विकल्प मला पहिल्यांदा नीट समजला. समाधी सगळ्यांना लागू शकते हो. विकल्प मात्र सगळ्यांना मिळत नाही. 'हे माझं नाही' असं म्हणायची सोय ज्याला असते, तो शेवटपर्यंत आरामात वाचतो. ज्याला ती सोय नसते, त्याला अंतर स्वतःच्या हातानं निर्माण करावं लागतं. आणि हाताशी एकच उपाय असतो, पुस्तक मिटणं. अशा मिटण्याला वाचकाची कमजोरी म्हणणाऱ्या समीक्षकांशी माझं भांडण आहे. मीही पूर्वी त्यांच्यातलाच होतो.

आता ते कपाटातलं पुस्तक. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. १९७० साली आलं, पुढं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुम्हाला मी काय सांगणार त्याबद्दल! तलासरी, डहाणू, ही तुमची गावं आहेत त्यात. वेठ आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघंही सावकाराकडं राबायचे, ते लग्नगडी आहेत. मे १९४५ ची झरीची सभा, ऑक्टोबरात तलवाड्याला झालेला गोळीबार, हे सगळं इथून मोटारीनं तासाभराच्या आतलं. ही कादंबरी नव्हे. इथं 'लेखिकेनं उगाच मारलं' म्हणायला जागाच नाही. म्हणजे फसवणुकीचा प्रश्न मुळातच निकालात निघतो, आणि उरतो फक्त दुसरा, लागण्याचा.

मी ते १९७१ साली पुण्यात वाचलं. तीन बैठकीत संपवलं. कुठं अडखळलो नाही. मित्रांना म्हणालो, अंगावर काटा येतो, वाचाच. न थांबता वाचलं याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

इथल्या घरमालकांनी, ते वारली आहेत, शिक्षक आहेत, अकरा वर्षांपूर्वी वाचायला घेतलं. लग्नगड्यांच्या मजकुरापाशी थांबले. मी जेवताना विचारलं, का थांबलात? मला वाटलं होतं ते म्हणतील, आजोबा लग्नगडी होते, वाचवलं नाही. ते म्हणाले, 'सर, आजोबा लग्नगडीच होते, पण ही गोष्ट ते आम्हाला हसत सांगायचे. मालकानं असं केलं, मग मी असा पळालो, असं. आम्ही पोरं पण हसायचो. पुस्तकात तीच गोष्ट न हसता आली. तेव्हा कळलं ते का हसायचे.' एवढं बोलून ते ताटाकडं बघत राहिले.

पुस्तकात तिथं एसटीचं तिकीट घातलेलं आहे. अकरा वर्षांत कपाट दोनदा हललं, घराला रंग लागला, तिकीट काढलं गेलेलं नाही. मी विचारलं, 'सोडलंत का मग पुस्तक?' ते म्हणाले, 'नाही हो. चालू आहे.'

मी कडेकडं बघून वाचक ओळखतो असं सुरुवातीला म्हणालो होतो, ते शब्द मागं घेतो. माझ्या पुण्याच्या प्रतीची कड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखी मळलेली आहे.

बरं, मी वेळ जास्त घेतला. प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून आहेत. बोला.