हंसराजाची चाल

मृगाचा पाऊस जिरला की मापगावहून कनकेश्वरच्या डोंगरावर चढणाऱ्या पायऱ्यांच्या कडेने हिरवे झुबके लोंबू लागतात. काळा कातळ, त्याच्या भेगेत चिमूटभर माती आणि तिच्यातून निघून टोकाकडे झुकलेली पाने. नाव विचारले तर 'हंसराज' हे उत्तर तयार असते. उत्तर बरोबर, पण अर्धेच. या एका नावावर एकाहून अधिक नेचे खपून जातात, काष्ठौषधीच्या दुकानात तर हमखास. तेव्हा नाव बाजूला ठेवून पान वाचायला घ्यावे.

सुरुवात देठापासून. तो काळा, चकचकीत. बोट खालून वर न्या, कुठेही अडत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेरी रांगेत दले, आणि प्रत्येक दलाला स्वतःचा केसाएवढा बारीक देठ. दलाची खालची कड जवळजवळ सरळ, वरची कमानदार. अष्टमीचा चंद्र आडवा ठेवावा तशी. पाऊस पडत असेल तर थेंब दलावर न पसरता घरंगळून जातो. ॲडिअँटम या प्रजातिनामाचा ग्रीक अर्थच 'न भिजणारा'.

आता पान उलटा. कमानीच्या कडेला तपकिरी पट्ट्या दिसतील. तिथे कड आत दुमडली आहे आणि बीजाणूंच्या पिशव्या त्या दुमडीच्याच आतल्या अंगाला लागल्या आहेत. इतर अनेक नेच्यांत अशी दुमड नुसते पांघरूण असते; इथे ती पाळणाही होते. ही सगळ्या ॲडिअँटमांची खूण.

मग नजर टोकाकडे जाते. पानाचा कणा दले संपल्यावरही थांबत नाही. चाबकाच्या वादीसारखा लांबतो, कातळाला टेकतो आणि तिथे मुळे धरतो. तिथून नवे रोप, त्याचे नवे पान, पुन्हा नवे टेकणे. कातळावर बीजाणू रुजणे नशिबाचा भाग. हंसराज म्हणून पावले टाकत जातो.

ही चाल पाहून ओळख पटली असे वाटते, आणि नेमके इथेच फसायला होते. कारण त्याचा भाऊबंद ॲडिअँटम इन्सायझम हाही असाच चालतो. निवाडा करायला पुन्हा देठाकडेच यावे लागते. इन्सायझमचा देठ लवदार, बोटाला खरखर जाणवणारा. दले कण्याला जवळजवळ चिकटलेली आणि वरची कड खोल कातरलेली. तिसरा, ॲडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस, चालतच नाही. त्याचे पान पुन्हा पुन्हा विभागलेले, दले पंख्यासारखी. पाझरती भिंत आणि चुन्याची दर्ज ही त्याची आवडती जागा. आपला गुळगुळीत देठाचा तो ॲडिअँटम फिलिपेन्स. हे नाव त्याला लिनियसने १७५३ मध्ये दिले.

फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि जे. एफ. डि'आल्मेडा यांचे नेच्यांवरचे पुस्तक 'द फर्न्स ऑफ बॉम्बे' १९२२ साली निघाले. असल्या पुस्तकांत लव आहे की नाही, दलाला देठ आहे की नाही, याच्या नोंदी कोरड्या वाटतात. कातळापाशी उभे राहिल्यावर कळते, डोळ्यांत भरणारी चाल दोन्ही चालणाऱ्या नेच्यांची सारखी. वेगळेपण बोटाला लागते.

आणि दलाच्या त्या बारीक देठाचे काम पाऊस सरल्यावर दिसते. त्याच्या टोकाला एक सांधा असतो. कातळ सुकू लागला की दले त्या सांध्यातून गळून पडतात. देठ मागे राहतात. पाणी संपले, की पान टिकवण्याचा हट्ट नाही. हिवाळ्यात पुन्हा कनकेश्वर चढाल तेव्हा भेगेत काळ्या काड्या दिसतील, दोन्ही बाजूंना बारीक काटक्या असलेल्या. बोट फिरवा. अडले नाही, तर एकही हिरवे दल नसताना तुम्ही हंसराज ओळखला.