रिकामा रस्ता: मोटारींच्या जाहिराती आणि लपलेली अट

मागच्या खेपेला आपण अनुमान म्हणजे काय ते पाहिलं. आज तेच अनुमान जरा रस्त्यावर आणू. विषय आहे मोटारींच्या जाहिराती. न्यायशास्त्राला आणि मोटारीला एकत्र बसवलेलं पाहून हसू येणं साहजिक आहे, पण थोडा वेळ सोबत चला.

जाहिरातींवर एक ठरलेली तक्रार असते: त्या भावनांशी खेळतात. आम्हाला ही तक्रार फार स्वस्त वाटते. अ‍ॅरिस्टॉटलने मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. न्यायाधीशाला आधी राग किंवा दया आणायची म्हणजे मोजपट्टी वाकवून मग माप घ्यायचं, असं तो सुरुवातीलाच बजावतो. आणि तोच गृहस्थ दुसऱ्या भागात राग, भीती, दया, लाज यांवर पानंच्या पानं लिहितो! यात विसंगती नाही. घाटात दरडीची भीती वाटणं योग्यच आहे. त्यामुळे विचारायचं ते हे, की ही भावना कशाबद्दल आहे आणि तिच्या आडोशाला कोणता प्रश्न राहून गेला.

आता आपल्याकडचं घ्या. नैयायिकांच्या अनुमानाला पाच अवयव असतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतोय. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. इथेही तसाच धूर आहे. म्हणून अग्नी आहे. मोटारीची जाहिरात यातलं फक्त स्वयंपाकघर दाखवते. पावसाळी घाट, मागच्या सीटवर हसणारी मुलं, काच खाली करून हात बाहेर काढलेली बायको. संपलं. ‘ही गाडी जिथे, तिथे हे सुख’ असं कुणीही म्हणत नाही. ती व्याप्ती आपण बसल्या जागी स्वतःच पुरवतो, आणि स्वतः पुरवलेल्या गोष्टीवर माणूस सहसा शंका घेत नाही. जाहिरात खोटं बोलली असं म्हणून तिला पकडता येत नाही ते यामुळेच. ती काही बोललेलीच नसते.

मात्र नैयायिकांनी एक चांगलं हत्यार देऊन ठेवलंय: उपाधी. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे खरं, पण उलटं, ‘जिथे अग्नी तिथे धूर’, हे खरं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी, लपलेली अट. आता त्या जाहिरातीतलं सुख कशावर अवलंबून आहे ते शोधा. रस्त्यावर! रस्ता रिकामा आहे. पुढे ट्रक नाही, बाजूने रिक्षा घुसत नाही, टोलनाका नाही, खड्डा नाही. त्या रस्त्यावर जुनी फियाट नेलीत तरी मुलं तेवढीच हसतील. आणि गंमत अशी, की विकली गेलेली प्रत्येक गाडी तो रस्ता थोडा थोडा भरत जाते. जाहिरात यशस्वी झाली की तिच्यातलं दृश्य अशक्य होतं.

सगळ्याच जाहिराती एवढ्या सरळ नसतात. 1998 मध्ये सँट्रो आली तेव्हा ह्युंदाई हे नाव इथे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी शाहरुख खानला घेतलं, पण त्याच्या तोंडी आधी स्तुती घातली नाही. कंपनीचा माणूस त्याच्याकडे येतो आणि हाच उलट विचारतो, की मी तुमच्या गाडीची जाहिरात का करावी? हा आपला जुना पूर्वपक्ष झाला. गिऱ्हाइकाच्या मनातली शंका नटाने आधीच बोलून टाकली, आणि त्याची खात्री पटली तशी आपलीही पटली. काम हुशारीचं आहे, याला आमची दाद आहे. पण एवढं ध्यानात ठेवू, की इथे पूर्वपक्ष लिहिणारा आणि सिद्धांत मांडणारा एकच आहे. ज्याचं उत्तर तयार नाही असा आक्षेप तिथे येणारच नाही.

मारुतीची ‘कितना देती है’ ही मालिका आठवते? काहीतरी भव्य, महागडं यंत्र दाखवलं जातंय, दाखवणारा रंगात आलाय आणि आपला भारतीय माणूस मधेच विचारतो, अॅव्हरेज किती? आपण हसलो, कारण तो आपला काका होता. स्वतःवर हसायला लावून मर्जी संपादन करणं ही मोठी कला आहे. पण त्या हसण्यात ‘किती देते’ हा आपला राष्ट्रीय प्रश्न ठरून गेला. दुसरा एक प्रश्न, ‘आदळली तर काय होतं’, तो पडद्यावर आलाच नाही. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने इथल्या पाच लहान गाड्या, एअरबॅग नसलेल्या साध्या स्वरूपात, भिंतीवर आदळवून पाहिल्या. अल्टो, नॅनो, आय-10, फिगो, पोलो. पाचही गाड्यांना मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे!

पुढे वारं फिरलं. डिसेंबर 2018 मध्ये नेक्सॉनला पाच तारे मिळाले, आणि सुरक्षितता हीच विकायची वस्तू झाली. इथे आपण जरा थांबू, कारण सर्वात शिकण्यासारखी जाहिरात कुठल्या कंपनीची नाही, सरकारची आहे.

4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर काही दिवसांतच रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी एक जाहिरात प्रसारित केली. मुलीची पाठवणी चाललीय, बाप रडतोय. पोलिसाच्या वेषातला अक्षय कुमार येतो आणि सांगतो, अशा गाडीतून मुलीला धाडलंत तर रडूच येणार. गाडीत बाकी सगळी मजा आहे, सहा एअरबॅग नाहीत. मग गाडी बदलते आणि सगळे हसतात.

टीका झाली ती हुंड्यावरून, आणि ती रास्तच होती. पण आम्हाला त्यापलीकडचं काही दिसतं. ‘एअरबॅग आहे म्हणून जीव वाचतो’ या अनुमानालाही उपाधी आहे: पट्टा. पट्टा लावलेल्या माणसाला बॅग आधार देते. न लावलेल्याचं शरीर भलत्याच वेगाने पुढे गेलेलं असतं. ज्या अपघाताने देश हलला, त्यात नेमकी हीच अट तुटली होती. आणि या कथेचा सगळा भर बॅगांच्या आकड्यावर.

दुसरं असं, की कंपनीने बापाच्या काळजाला हात घातला तर समजू शकतं. तिच्या हातात तेवढंच आहे. सरकारच्या हातात नियम असतो. सहा एअरबॅगची सक्ती ऑक्टोबर 2022 पासून व्हायची होती. ती वर्षभर पुढे गेली आणि सप्टेंबर 2023 मध्ये गडकरींनीच सांगितलं, की सक्ती करणार नाही. म्हणजे जबाबदारी त्या रडणाऱ्या बापाकडेच राहिली. त्याला वाटलेली भीती खरी होती, पण भलत्या दाराशी नेऊन सोडलेली.

आता पुन्हा त्या रिकाम्या रस्त्याकडे येऊ. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. यात शंभरातले चव्वेचाळीस दुचाकीवरचे होते, आणि पाचातला जवळजवळ एक पायी चालणारा. कितीही तारे मिळोत, कितीही बॅगा फुगोत, यांच्या आणि बंपरच्या मधे त्यातलं काही येत नाही. कॅमेऱ्यासाठी घाट मोकळा करताना सर्वात आधी बाजूला केली जातात ती हीच माणसं: डोक्यावर मोळी घेतलेली बाई, सायकलवरचा पोरगा, स्कूटरवर तिघंजण.

पुढच्या वेळी येताना एक काम करून या. घरी टीव्हीवर लागेल ती मोटारीची जाहिरात आवाज बंद करून बघा आणि रस्त्यावर गाडीबाहेरची माणसं किती दिसतात ते मोजा. आकडे घेऊन आलात की हेत्वाभासांकडे वळू.